दोन जोड मोजे आणि ७७ धावा

२ एप्रिल २०११च्या रात्री वानखेडेवर महेंद्रसिंग धोनीने मारलेल्या षटकाराबद्दल तळवड्यात कुणालाही विचारा. आयटी पार्कमधला मुलगा असो की वर्कशॉपमधला सीएनसी ऑपरेटर, चेंडू कुठे पडला ते तो हात करून दाखवेल. ती खेळपट्टी कुणी तयार केली होती, असं विचारलं तर मात्र बहुतेक जण गप्प होतात. ती सुधीर नाईकांनी तयार केली होती. मुंबईचे माजी कर्णधार, भारताचे कसोटी सलामीवीर आणि पुढे वानखेडेचे क्युरेटर. ५ एप्रिल २०२३ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी ते गेले. त्यांच्यावरच्या अनेक मृत्युलेखांत या सगळ्याबरोबर आणखी एक गोष्ट आलीच : १९७४ साली लंडनमधल्या एका दुकानातले मोज्यांचे दोन जोड.

१९७४च्या त्या इंग्लंड दौऱ्यावर भारताचे कर्णधार होते अजित वाडेकर. ते १५ ऑगस्ट २०१८ रोजी गेले. १९७४ साली लोकांचा राग त्यांनी नाईकांपेक्षा कितीतरी जास्त झेलला होता. पण ते गेले तेव्हा लोक बोलले ते १९७१बद्दल, पोर्ट ऑफ स्पेन आणि ओव्हलवरच्या विजयांबद्दल. दोघेही मुंबईचे, दोघेही एकाच उन्हाळ्यात लोकांच्या मनातून उतरलेले. एकाचं सगळं फिटलं, दुसऱ्याच्या मागचं शुक्लकाष्ठ मरणानंतरही सुटलं नाही. मला याचं कारण असं दिसतं की क्रिकेटरसिक पराभव विसरतात, पण चारित्र्यावर उडालेला शिंतोडा विसरत नाहीत. तो शिंतोडा खरा होता का, याची चौकशीही फारसं कुणी करत नाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. रामायणातला राम युद्ध संपल्यावर बिभीषणाला रावणाचे अंत्यसंस्कार करायला सांगतो. आजही गावात कुणी गेलं की चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागतो. त्यावर फोटो असतो, खाली शोकाकुलांची नावं असतात. बांधावरून झालेल्या भांडणांना तिथे जागा नसते. मानसशास्त्रज्ञांनीही या प्रवृत्तीचा अभ्यास केला आहे. अमेरिकेतल्या रिचमंड विद्यापीठातले स्कॉट ॲलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दिवंगत नेत्यांबद्दल लोकांचं मत कसं बनतं यावर संशोधन प्रसिद्ध केलं. माणूस हयात नाही एवढं कळलं तरी त्याच्याबद्दलचं मत सहसा वर सरकतं, असं त्यांना दिसलं. पण ही सवलत सरसकट नव्हती. ज्याच्या नावावर अनीती चिकटली आहे, त्याच्याबद्दलचं मत मृत्यूनंतर आणखी कडक होत होतं. शिवाय मेलेल्या माणसाबद्दल एकदा बनलेलं मत बदलणं जास्त अवघड जातं, असंही त्यांनी नोंदवलं. त्याचं सरळ कारण म्हणजे तो माणूस आता स्वतःची बाजू मांडायला येणार नसतो.

हे लक्षात ठेवून १९७४कडे पाहू.

तळवडे, चिखली, निगडी या पट्ट्यात साठी-सत्तरी ओलांडलेली, टेल्को किंवा बजाजमधून निवृत्त झालेली पिढी अजून आहे. कसोटीचं समालोचन ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलेली ही माणसं. त्यांना २४ जून १९७४ची आठवण करून द्या, आकडा लगेच येतो : बेचाळीस. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या होत्या. भारताने पहिल्या डावात ३०२ करून फॉलोऑन घेतला आणि दुसरा डाव १७ षटकांत ४२ धावांत संपला. ख्रिस ओल्डने पाच बळी घेतले, जेफ अर्नोल्डने चार. चंद्रशेखर जखमी असल्यामुळे फलंदाजीला आलेच नाहीत. एकनाथ सोलकर १८ धावांवर नाबाद राहिले, आणि डावातली ती सर्वांत मोठी धावसंख्या होती. त्याआधी ओल्ड ट्रॅफर्डवर भारत ११३ धावांनी हरला होता, नंतर एजबॅस्टनवर एक डाव आणि ७८ धावांनी हरला. मालिका ०-३.

हा राग समजून घ्यायचा तर आधीची तीन वर्षं पाहायला हवीत. विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींऐवजी वाडेकरांकडे कर्णधारपद आलं. १९७१च्या वसंतात वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी हरवलं. २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलवर इंग्लंडला हरवलं. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१वर संपवला होता. १९७२-७३मध्ये इंग्लंड इथे आलं आणि २-१ने हरलं. लागोपाठ तीन मालिका जिंकणारा भारतीय कर्णधार लोकांनी पहिल्यांदाच पाहिला. इंदूरमध्ये नेहरू स्टेडियमजवळ विजयाचं स्मारक म्हणून काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली गेली. १९७४च्या पराभवानंतर त्याच बॅटला लोकांनी डांबर फासलं. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड आल्याचं त्या काळच्या आठवणींत सांगितलं जातं. लंडनमध्येही अपमान झाला. भारतीय उच्चायुक्त बी. के. नेहरू यांच्याकडच्या स्वागत समारंभाला संघ आधीच्या कार्यक्रमामुळे उशिरा पोहोचला, तर त्यांना परत जायला सांगण्यात आलं.

या रागात लोकांच्या नजरेतून एक हिशेब सुटला. वाडेकरांनी १६ कसोटींत नेतृत्व केलं : चार जिंकल्या, चार हरल्या, आठ अनिर्णित राहिल्या. त्या चार पराभवांपैकी तीन १९७४च्या त्या एका दौऱ्यातले. म्हणजे इंग्लंडच्या त्या थंड, ओल्या जून महिन्यापर्यंत या माणसाने कर्णधार म्हणून १३ कसोटींत फक्त एक सामना गमावला होता. तरी दौऱ्यानंतर त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं गेलं. त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि ते भारतासाठी पुन्हा खेळले नाहीत. वय होतं ३३.

पण वाडेकरांना काळ मिळाला. नव्वदच्या दशकात ते संघाचे व्यवस्थापक झाले. अझरुद्दीनच्या संघाने घरच्या मैदानावर कसोटीमागून कसोटी जिंकल्या, तेव्हा फिरकीची ती योजना कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे ते निवड समितीचे अध्यक्षही झाले. ओव्हलच्या शेवटच्या दिवशी आपण बाद झाल्यावर ड्रेसिंग रूममध्ये शांत झोपी गेलेला कर्णधार, हा किस्सा ते स्वतः रंगवून सांगत. मृत्यूच्या खूप आधीच लोकांनी त्यांना परत आपलं म्हटलं होतं. १६ मे २०२५ रोजी वानखेडेवर अजित वाडेकर यांच्या नावाचं स्टँड खुलं झालं. डांबर फासलं गेल्यापासून इथवर यायला ५१ वर्षं लागली.

नाईकांची गोष्ट यापेक्षा छोटी आणि जास्त टोचणारी आहे.

ते १९७०-७१च्या मोसमात मुंबईचे कर्णधार झाले ते अडचणीतून. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड हे सगळे वेस्ट इंडीजमध्ये होते. उरलेल्या मुलांना घेऊन नाईकांनी मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. अंतिम सामन्यात समोर आपलाच महाराष्ट्राचा संघ होता आणि तो ४८ धावांनी हरला. पुण्यातल्या जुन्या रसिकांसाठी तो चुटपुट लावणारा पराभव असणार. मोठे खेळाडू परत आले तेव्हा करंडक जिंकून देणाऱ्या या कर्णधारालाच अकरा जणांत जागा राहिली नाही. त्यांनी तक्रार न करता धावा केल्या. १९७३-७४च्या मोसमात बडोद्याविरुद्ध नाबाद २०० धावांची खेळी करून इंग्लंड दौऱ्याचं तिकीट मिळवलं.

त्या दौऱ्यात ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी सहकाऱ्यांसाठी बरेच मोजे घेतले आणि त्यांचे पैसे दिले. दोन जोडांचे पैसे दिले नाहीत, असा दुकानाचा आरोप होता. नाईकांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं : चूक झाली, चोरी नाही. प्रकरण वाढू नये, वर्तमानपत्रांत गवगवा होऊ नये, म्हणून त्यांना गुन्हा कबूल करायचा सल्ला दिला गेला आणि परक्या शहरात, संघ हरत असताना, त्यांनी तो मानला. व्हायचं ते उलटंच झालं. कबुली दिल्यामुळे बातमी पक्की झाली आणि जगभर गेली. खोलीतला सोबती म्हणून जवळून पाहिलेल्या सुनील गावसकरांनी १९७६ सालच्या ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात नाईकांची बाजू ठामपणे मांडली. मित्राच्या बदनामीविरुद्ध त्याच काळात छापील शब्दांत उभं राहणं सोपं नव्हतं. पण पुस्तक वाचणारे थोडे आणि कुजबुज ऐकणारे पुष्कळ.

त्याच दौऱ्यात एजबॅस्टनला नाईकांचं कसोटी पदार्पण झालं. पहिल्या डावात ४, दुसऱ्या डावात ७७. बेचाळीसमध्ये गारद झालेल्या संघाचा हा नवा सलामीवीर त्याच गोलंदाजांसमोर, हरत असलेल्या सामन्यात टिकून उभा राहिला होता. १३ जुलै १९७४ रोजी हेडिंग्लेवर भारताने पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळला, त्यातही ते सलामीला होते. मायदेशी वेस्ट इंडीजविरुद्ध दिल्लीत ४८ धावा केल्या. मग कोलकात्यात सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर अँडी रॉबर्ट्सने त्यांना बाद केलं. तीन कसोटी, १४१ धावा, कारकीर्द संपली. केवळ धावा पाहिल्या तरी पुढे संधी मिळालीच असती असं मी म्हणणार नाही. गावसकरांच्या जोडीला उभं राहायला तेव्हा बरेच जण रांगेत होते. पण मोज्यांच्या प्रकरणानंतर त्यांना निखळ क्रिकेटपटू म्हणून कुणी पाहिलं नाही, हेही खरं.

यानंतरची जवळपास ५० वर्षं नाईकांनी मैदानावर काढली, आणि त्यांच्याबद्दल बोलताना नेमकी हीच वर्षं गाळली जातात. श्रीरामपूरहून आलेल्या एका डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाला त्यांनी नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये घेतलं आणि इंजिनिअरिंगऐवजी क्रिकेटला वेळ द्यायला लावला. तो झहीर खान. २०११च्या विश्वचषकात सर्वाधिक बळी घेणाऱ्यांत झहीर होता आणि अंतिम सामन्याची खेळपट्टी त्याच्या गुरूने केली होती. मराठी क्रिकेटमध्ये याहून सुंदर योग मला दुसरा आठवत नाही. २५ ऑक्टोबर २०१५ला दक्षिण आफ्रिकेने वानखेडेवर ४३८ धावा चोपल्या आणि भारत २१४ धावांनी हरला. त्या दिवशी खेळपट्टीवरून संघाचे संचालक रवी शास्त्री आपल्याला अपशब्द बोलले, अशी लेखी तक्रार नाईकांनी मुंबई क्रिकेट संघटनेकडे केली. तेव्हा ते सत्तरीत होते. १९७४मध्ये दुसऱ्यांच्या सल्ल्याने गप्प राहिलेला माणूस या वेळी गप्प बसला नाही, एवढं तरी नोंदवायला हवं.

नाईकांच्या आधी हेच सुभाष गुप्ते यांच्या बाबतीत झालं होतं. मुंबईचा हा लेगस्पिनर : ३६ कसोटी, १४९ बळी, १९५८मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध एका डावात १०२ धावांत ९ बळी. गॅरी सोबर्स त्यांना सर्वोत्तम लेगस्पिनर मानत. डिसेंबर १९६१मध्ये दिल्लीच्या हॉटेलात त्यांच्या खोलीतून स्वागतकक्षातल्या तरुणीला फोन गेला. फोन केला होता खोलीतल्या दुसऱ्या खेळाडूने, कृपाल सिंग यांनी. तिने तक्रार केली आणि मंडळाने दोघांवरही बंदी घातली. गुप्तेंचा दोष एवढाच मानला गेला की त्यांनी सोबत्याला अडवलं नाही. कृपाल सिंग पुढे भारतासाठी पुन्हा खेळले, गुप्ते कधीच नाही. ते पत्नीच्या देशात, त्रिनिदादला स्थायिक झाले आणि ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये वारले. या शहराच्या नावाबरोबर वाडेकरांच्या पहिल्या विजयाची आठवण निघते, गुप्तेंच्या मरणाची सहसा निघत नाही.

अमेरिकेत बेसबॉलची परंपरा आपल्या क्रिकेटइतकीच भावनिक आहे आणि तिथले लोकही असेच वागतात. १९८६च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बोस्टन रेड सॉक्सचा बिल बकनर याच्या पायांमधून एक सरपटी चेंडू गेला आणि सामना हातातून निसटला. त्याआधीच प्रतिस्पर्ध्यांनी बरोबरी साधली होती, आणि शेवटचा सामनाही बाकी होता, हे लोक विसरले. बकनरला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तो दूर आयडाहोत राहायला गेला. कारकिर्दीत २,७१५ हिट्स मारणारा खेळाडू एका चेंडूपुरता उरला. पण ती चूक कौशल्याची होती. बोस्टनने २००४ आणि २००७ला विजेतेपद मिळवल्यावर ८ एप्रिल २००८ रोजी फेनवे पार्कवर मोसमातल्या घरच्या पहिल्या सामन्याचा मानाचा पहिला चेंडू टाकायला त्याला बोलावलं, आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. तो २०१९मध्ये गेला तेव्हा हिशेब चुकता झालेला होता.

डिक ॲलनचं तसं झालं नाही. साठच्या दशकात फिलाडेल्फियाच्या संघात खेळणारा हा कृष्णवर्णीय तरुण १९६४चा सर्वोत्तम नवोदित ठरला होता. घरच्याच प्रेक्षकांनी त्याच्यावर इतक्या वस्तू फेकल्या की तो क्षेत्ररक्षण करतानाही हेल्मेट घालून उभा राहू लागला. पुढे शिकागोकडून खेळताना १९७२मध्ये तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी ‘उर्मट, अवघड माणूस’ हा शिक्का कायम राहिला. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमच्या समितीत तो दोनदा एका मताने हुकला. २०२०च्या डिसेंबरमध्ये ठरलेलं मतदान महामारीमुळे पुढे ढकललं गेलं आणि ७ डिसेंबर २०२०ला ॲलन वारला. त्याची निवड झाली ती २०२४च्या डिसेंबरमध्ये. तोवर तो उर्मटपणा म्हणजे वर्णद्वेषासमोर न झुकणं होतं, हे लोकांना कळलं होतं, पण ऐकायला तो नव्हता.

पीट रोझची तऱ्हा आणखी वेगळी. ४,२५६ हिट्सचा विक्रम करणाऱ्या या खेळाडूवर सामन्यांवर पैज लावल्याबद्दल १९८९मध्ये कायमची बंदी आली. त्याने खरोखर नियम मोडला होता आणि वर्षानुवर्षं नाकारलंही होतं. तो ३० सप्टेंबर २०२४ला गेला. १३ मे २०२५ला बेसबॉलच्या आयुक्तांनी, मृत्यूनंतर बंदी लागू राहत नाही, असं जाहीर केलं. या निर्णयावर तिथे अजून वाद आहे. पण संस्थेने निदान एक तारीख दिली, कारण दिलं, आणि रसिकांना वाद घालायला एक कागद दिला. नाईकांच्या किंवा गुप्तेंच्या बाबतीत असा कोणताही कागद नाही. तिथे फक्त कुजबुज आहे आणि तिला मुदत नसते.

ही जुनी प्रकरणं आज उकरून काढायचं कारण आपल्या दाराशीच आहे. तळवड्याहून थोड्याच अंतरावर, द्रुतगती महामार्गालगत गहुंजेचं मैदान आहे. २०१७च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाने तिथे भारताला ३३३ धावांनी हरवलं, आणि २६ ऑक्टोबर २०२४ला न्यूझीलंडने ११३ धावांनी. त्या पराभवाबरोबर भारताचा मायदेशातला सलग १८ मालिकाविजयांचा क्रम तुटला. त्या रात्री फोनवर काय काय फिरत होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. १९७४मध्ये दगड मारायला घराबाहेर पडावं लागत होतं, डांबर आणावं लागत होतं. आता सेकंड शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत तेच काम होतं, आणि लिहिलेलं पुसलंही जात नाही. धावा न केल्याबद्दलची शिवी दोन सामन्यांत विरते. खेळाडूच्या देशप्रेमावर, धर्मावर, घरच्यांवर, हेतूवर केलेला वार चिकटून राहतो. मानसशास्त्रज्ञांच्या त्या अभ्यासाचा अर्थ रोजच्या व्यवहारात एवढाच आहे, आणि तो गंभीर आहे.

थेरगावच्या अकादमीतून ऋतुराज गायकवाडसारखा फलंदाज भारतीय संघात जातो, तेव्हा या पट्ट्यातल्या प्रत्येक मुलाला वाटतं की आपणही जाऊ. त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला गावसकरांची नाही, नाईकांचीच कारकीर्द येणार आहे : थोडे सामने, एखादी झुंजार खेळी, आणि मग मैदानासाठी वेचलेलं आयुष्य. अशी कारकीर्दही मान देण्याजोगी आहे, हे त्यांना आपणच सांगू शकतो.

म्हणून तळवडे, रुपीनगर, चिखली आणि चाकणच्या टेनिस-बॉल स्पर्धांच्या आयोजकांना एक विनंती. फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो असतातच, ते असू द्या. पण हरलेल्या संघातून सर्वांत चिवट खेळी करणाऱ्या फलंदाजाला एक बक्षीस ठेवा आणि त्या बक्षिसाला सुधीर नाईकांचं नाव द्या. ते देताना माइकवरून फक्त एवढंच सांगा : एजबॅस्टन, जुलै १९७४, दुसरा डाव, ७७ धावा.